सहा बहिणींची थुंकी

कोकिळा खोटं बोलायची ते मिठासारखं, चवीपुरतं. पिंप्राळ्यातल्या तिच्या गल्लीत दोन शेजारणींनी एकदा कपडे वाळत घालायच्या दोरीवरून बोलणं टाकलं. कोकिळाने एकीला कुरडया राखायला म्हणून आणि दुसरीला टाकीचा नळ वाहतोय म्हणून गच्चीवर पाठवलं आणि जिन्याचं दार खालून लावून घेतलं. बऱ्याच वेळाने "अगं बाई, वाऱ्याने लागलं वाटतं" म्हणत दार उघडलं, तेव्हा दोघी एकाच चटईवर बसून ओल्या कुरडया खात होत्या. एस.टी. डेपोतून निवृत्त झालेला तिचा नवरा प्रेमराज हे सगळं पेपरच्या आडून बघायचा आणि पेपर आणखी वर धरायचा.

अख्ख्या गल्लीची भांडणं मिटवणाऱ्या कोकिळाला एक भांडण मात्र मिटवता आलं नव्हतं, आणि ते तिच्या माहेरचं होतं.

तिच्या वडिलांना, नशिराबादच्या आप्पांना, सहा मुली. मुलगा नाही. सगळ्यात थोरली अक्का, धुळ्याला दिलेली. तिच्या पाठची भिकुबाई, दोंडाईच्याला. मग इंदू आणि रुख्मा, एकाच घरात दोन भावांना दिलेल्या, म्हणून त्या बोलायच्याही जोडीने. पाचवी कोकिळा आणि शेंडेफळ बेबी. बेबी आता पन्नाशीची होती, तिला सून आली होती, पण नाव बेबीच राहिलं.

भिकुबाईचं नाव भिकुबाई का, तर जन्मली तेव्हा ती मूठभर होती. जगेल असं वाटेना, म्हणून आईने पाच घरी पदर पसरून चिंध्या मागून आणल्या, त्याचं झबलं शिवून तिला घातलं. मागून आणलेल्या लेकराकडे मरण ढुंकून बघत नाही, असं म्हणतात. पोर जगली, पण पुढे आयुष्यभर बहिणी चिडवायच्या, "तू आमची नाहीच, तुला मागून आणलंय."

हे सगळं हसण्यावारी होतं, ते आईच्या वर्षश्राद्धापर्यंत. शेवटची दोन वर्षं आई भिकुबाईकडे होती. दोंडाईच्यात तिने आईचं सगळं केलं, भरवण्यापासून धुण्या-पुसण्यापर्यंत. वर्षश्राद्धाला नशिराबादच्या हमरस्त्यावर मोठा फ्लेक्स लागला. आईचा फोटो, फोटोभोवती कमळं आणि खाली 'शोकाकुल कन्या'. कन्या पाचच होत्या. भिकुबाईचं नाव नव्हतं.

भिकुबाईने फ्लेक्सखाली उभं राहून विचारलं, "का गं अक्का, मी आईला रस्त्यात सापडले होते का?"

फ्लेक्सचं काम अक्काकडे होतं. तिने "प्रेसवाल्यानी चूक शे, मी काय करू?" म्हटलं. भिकुबाईने प्रेसवाल्याला शिव्या घातल्या आणि अक्कालाही दोन शब्द सुनावले. मग अक्का, जी धुळ्यात राहून राहून अहिराणीतच भांडायची, तिच्या तोंडून निसटलं, "मंग सापडेलच व्हशीन तू!"

तेव्हापासून पाच वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. लग्नात एक आली की दुसरी जेवून गेलेली असायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या बहिणी माहेरी जमायच्या, तेही बंद पडलं.

*

कोकिळाच्या समोरच भिकमचंद शेटजींचं घर. खाली कापडाचं दुकान, वर माणसं. शेटजींची नात विधी कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. थंडीत ती एकदा सुट्टीवर आली आणि कोकिळाच्या ओट्यावर येऊन बसली. हातात प्लास्टिकच्या नळ्यांचा डबा.

"काकू, तुम्ही किती बहिणी?"

"सहा. का गं?"

विधीचे डोळे चमकले. "आणि भाऊ?"

"एकही नाही. आप्पांनी जेजुरीपासून वणीपर्यंत सगळे देव पालथे घातले. देव म्हणाले, मुलीच घ्या."

"आईचं कधी एखादं मूल गेलं? पोटात किंवा झाल्यावर?"

"छे. सहा वेळा बाळंत झाली, सहाही पोरी खणखणीत. लोक म्हणायचे, ह्या बाईच्या पोटाला पोरी डिंकासारख्या चिकटतात."

मग विधीने तिला समजावून सांगितलं. बाईच्या शरीरात गर्भ टिकवणारं एक संप्रेरक असतं. ते म्हणजे निरोप्या. तो रक्तातून निरोप घेऊन येतो, पण निरोप घ्यायला पेशीत कुणीतरी बसलेलं लागतं. त्या बसणाऱ्याला म्हणतात रिसेप्टर.

"म्हणजे निरोप्या ओरडला तरी घेणारा बहिरा असेल तर उपयोग नाही," कोकिळा म्हणाली आणि आत पेपर वाचणाऱ्या प्रेमराजकडे बघितलं. "कळलं. पुढे."

"हा रिसेप्टर सगळ्यांचा सारखा नसतो. त्याचा एक फार जुना प्रकार आहे. तो ज्या बायकांकडे असतो त्यांचे गर्भपात कमी होतात आणि त्यांना भावंडंही जास्त असतात, असं युरोपात दिसलंय. तिकडे तीनातल्या एका बाईकडे तो सापडतो. आफ्रिकेत जवळपास नाहीच. आपल्याकडे कुठे किती, हे कुणी नीट मोजलेलंच नाही. मी खानदेशातल्या बायकांचं मोजतेय. खूप बहिणी असलेली घरं शोधतेय. मला थोडी थुंकी द्याल?"

"थुंकी? माझी?"

"हो. प्रत्येक घरातली एक बहीण पुरते."

कोकिळाने नळी हातात घेऊन उजेडात धरली. जिन्याचं दार लावताना तिचा चेहरा व्हायचा तसा आता झाला.

"एक नको," ती म्हणाली. "सहाही देतील. आमच्या बहिणींना असल्या गोष्टींची फार हौस. एकीची घेतली तर बाकीच्या रुसतील बघ."

विधी बिचारी खुश झाली. सहा सख्ख्या बहिणी म्हणजे तिला लॉटरीच. तिने विचारलं, "पण सगळ्या एकत्र येतील?"

"ते माझ्यावर सोड."

*

त्याच संध्याकाळी कोकिळाने धुळ्याला फोन लावला.

"अक्का, एक मोठी तपासणी आलीये. थुंकीतून कळतं, आईचं कुणात किती उतरलंय ते."

"मंग?"

"मंग काही नाही. भिकुताई म्हणत होती, तपासणीत कळेलच, आईचं सगळ्यात जास्त माझ्यातच निघणार म्हणून. बाकीच्यांनी यायची गरजच नाही म्हणाली."

पलीकडे अक्काचा श्वास ऐकू येऊ लागला. "असं म्हने ती?"

"मी आपलं ऐकलं ते सांगितलं."

"कव्हय शे तपासणी?"

कधी, असं विचारलं म्हणजे एक मासा गळाला लागला. दुसरा फोनवर लागणार नाही हे कोकिळाला माहीत होतं, कारण भिकुबाई फोनवर फक्त "बरं" म्हणायची. म्हणून ती सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसून दोंडाईच्याला गेली. भिकुबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती. सगळं अंगण लाल, हवेत ठसका. कोकिळा आधी शिंकली, मग रडल्यासारखी झाली, आणि ते तिला बरंच पडलं.

"ताई, तुझ्यासाठी जीव तुटतो गं," ती डोळे पुसत म्हणाली. "अक्का काय बोलली ते सांगायलाही जीभ रेटत नाही."

"नको सांगू मग."

"सांगावंच लागेल. ती म्हणाली, भिकू तपासणीला येणारच नाही. आली तर सगळ्यांना कळेल ना, ती आपली नाही म्हणून."

भिकुबाईचा हात मिरचीवर थांबला. कोकिळाला वाटलं, हे मीठ चवीपेक्षा जास्त झालं की काय? पण भिकुबाईने देठ मोडला आणि विचारलं, "लाल लुगडं नेसू की हिरवं?"

*

तपासणीला सगळ्या जमल्या त्या नशिराबादबाहेरच्या आप्पांच्या मळ्यावर. आप्पांच्या मागे चुलतभाऊ उखर्डू तो कसत होता. जानेवारीतला दिवस. विहिरीजवळच्या निंबाखाली उखर्डूने सतरंजी अंथरली आणि भरताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा ढीग रचून ठेवला. अक्का धुळ्याहून जीपने आली. भिकुबाई आली ती हिरव्या लुगड्यात, आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसली.

विधीने सगळ्यांची माहिती विचारली, काय करणार ते सांगितलं, सह्या घेतल्या. "अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, एवढाच नियम," ती म्हणाली.

"आणि दुसरा नियम," कोकिळा चटकन म्हणाली, "जन्माच्या ओळीने बसायचं. थोरलीपासून. मांडीला मांडी लावून."

विधीने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, ही ह्यांच्या घरातली रीत असेल. ती नळ्या काढू लागली.

जन्माच्या ओळीने म्हणजे अक्काला लागून भिकुबाई. दोघी उठल्या, बसल्या. मध्ये वीतभर जागा ठेवली. कोकिळाने रुख्माला कोपराने ढोसलं, रुख्माने इंदूला, आणि तो धक्का ओळीने जात भिकुबाईपर्यंत पोचला. वीतभर जागा मिटली.

"बेबी," अक्का समोर बघत म्हणाली, "तिले सांग, मना पदर तिना गुडघाखाले शे."

"बेबी," भिकुबाई आकाशाकडे बघत म्हणाली, "तिला सांग, पदर आवरून बसावं माणसाने."

बेबीने दोन्ही निरोप पोचवले. निरोप देणारी आणि घेणारी दोन बोटांवर बसलेल्या, पण मध्ये बेबी लागली.

थुंकायला सगळ्यांना लाज वाटत होती. आधी इंदू-रुख्माने उरकून घेतलं. बेबीने नळी भरली, कोकिळाने भरली. अक्काने तर एवढी जोरात भरली की वर फेसच फेस, आणि विधीला तो खाली बसायची वाट बघावी लागली. राहिली भिकुबाई. तिच्या तोंडाला कोरड पडली होती. नळी ओठाशी धरून ती बसली, पण थेंब उतरेना. आधीच तिच्या मनात ते 'आपली नाही' घर करून बसलं होतं. आपलं थुंक आत गेलं आणि उद्या खरंच काही वेगळं निघालं तर?

"घाई नाही मावशी," विधी म्हणाली.

 उखर्डूने काड्या पेटवल्या होत्या, त्यांचा तडतड आवाज तेवढा येत होता. आणि मग अक्का, तशीच समोर बघत, बोलू लागली.

"बेबी, तिले सांग, शाळामांगली चिंच याद कर म्हनावं. गाभुळेल चिंच. गूळ ना तिखट लाई सन."

बेबीने तोंड उघडलं, पण निरोप द्यायची वेळच आली नाही.

"आनी कैरी," अक्का पुढे म्हणाली. "माय मीठ लाईसन उन्हमा ठेये ती कैरी. आपण चोरी सन खाऊत. मना हिस्सानी बी ती खाई जाये, चोट्टी."

भिकुबाईच्या गालात कळ आली. तिने नळी भरली, खुणेच्याही वर. मान वळवून तिने अक्काकडे पाहिलं, अक्काने निंबाच्या शेंड्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात उखर्डू ओरडला, "वांगी काढा रे!" सगळ्या उठल्या.

भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या. जेवताना दोघी पुन्हा दोन टोकांना. अक्का निघाली तेव्हा कोकिळा जीपपर्यंत गेली.

"बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"निकाल लागू दे," अक्का म्हणाली. "मंग दखू कोन्हामा कितली माय शे ते."

जीप गेली. कोकिळाने आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी थाप मारून हाती भोपळा घेतला होता. घरी येऊन तिने प्रेमराजला सगळं सांगितलं. तो पेपर खाली करून म्हणाला, "आणि निकालात असलं काही नसलंच तर?"

"कसलं?"

"आई किती, बाप किती. ती पोरगी ते शोधतच नाहीये ना?"

कोकिळाने त्याला पेपर परत वर करायला सांगितलं.

*

निकाल आले ते आखाजीच्या तोंडावर. विधी म्हणाली, ज्या बाईचा निकाल तिलाच सांगता येतो, बाकीच्यांसमोर नाही. कोकिळाने विनवलं, "तूच ये मळ्यावर. त्या वाट बघतायत." आणि खरंच, निकालापायी सहाही बहिणी पाच वर्षांनी आखाजीला माहेरी आल्या. निंबाच्या फांदीला उखर्डूने झोका बांधला होता. आमरस झाला होता. तीन दगडांवर मातीचं उलटं खापर तापत होतं, पुरणाच्या मांड्यांसाठी.

विधीने सांगितलं, "एकेकीला बाजूला घेऊन सांगते."

"काबरं बाजूले?" अक्का म्हणाली. "आम्हनामा काय चोरी शे? मोठ्याने सांग."

विधीने सहाही जणींना विचारून घेतलं. सगळ्यांनी माना हलवल्या. भिकुबाईने सगळ्यात शेवटी.

"तो जुना प्रकार मी शोधत होते ना," विधी म्हणाली, "तो तुमच्यात आहे. अक्का मावशी, तुमच्यात. भिकुमावशी, तुमच्यात."

भिकुबाईने डोळे मिटले.

"इंदूमावशी, रुख्मामावशी, बेबीमावशी, तुमच्यातही. फक्त कोकिळाकाकूंमध्ये नाही."

पाचही जणी कोकिळाकडे वळल्या. मग बेबी फस्सकन हसली.

"म्हणजे मागून आणलेली ही!"

"तसं नाही," विधी घाईने म्हणाली. "आईवडिलांकडे दोन-दोन प्रती असतात, त्यातली एकेक मुलीला मिळते. कोणती मिळेल ते नाणं उडवल्यासारखं. काकूंचं नाणं उलटं पडलं, एवढंच. आणि हा प्रकार आईकडून आला की वडिलांकडून, हे तुमच्या थुंकीवरून नाही सांगता येत."

"आप्पांचा काय संबंध?" इंदू म्हणाली.

"आप्पांचा काय संबंध?" रुख्मा म्हणाली. आणि बहिणींनी तिथल्या तिथे आवाजी मतदानाने ठरवून टाकलं की आलं ते आईकडूनच. शास्त्र एकीकडे, सहा बहिणी एकीकडे.

"पण हा आला कुठून मुळात?" बेबीने विचारलं.

विधीला हाच प्रश्न हवा होता. ती सतरंजीवर पुढे सरकली. "चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वी माणसाची दुसरी एक जात होती. निअँडरथल म्हणतात त्यांना. आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले, वाटेत ते भेटले. त्यांच्याशी आपल्या पूर्वजांची सोयरीक झाली."

"सोयरीक?" अक्का सावरून बसली. "गाव कोन्तं त्यासनं?"

विधीने मोबाइलवर चित्र दाखवलं. भुवयांचं हाड पुढे आलेलं, नाक रुंद, छाती पिंपासारखी. मोबाइल हातोहात फिरला.

"अगं, हे तर जीवराममामा!" रुख्मा ओरडली.

"हुबेहूब! मामांना लुगड्याएवढा फेटा बांधला की झालं." इंदूला हसू आवरेना. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या दिवशी ते पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. त्यांचा राग, त्यांचं एका बैठकीत डझनभर मांडे खाणं, बैलाला खांद्याने ढकलणं. चाळीस हजार वर्षांची सगळी जबाबदारी बहिणींनी एकट्या जीवराममामांवर टाकली.

हसणं ओसरल्यावर भिकुबाईने हळूच विचारलं, "पोरी, म्हणजे आईचं पोट भक्कम होतं, असंच ना?"

"तिच्यात असेल तर हो. निरोप पक्का पोचत होता."

"आणि पोरीच झाल्या, त्यात तिचा दोष..."

"त्यात आईचा काहीच हात नसतो मावशी. ते वडिलांकडून ठरतं."

"बाई गं," भिकुबाई म्हणाली. "आणि आजी तिला जन्मभर बोलली."

इंदू-रुख्मा उगाच आमरसावरच्या माश्या हाकू लागल्या. विधीला ते अवघड वाटलं असावं, कारण विषय बदलायला ती जे बोलू नये तेच बोलली.

"खरंच, तुम्ही सगळ्या आलात म्हणून बरं झालं. मला खरं तर एकच बहीण पुरली असती. पण कोकिळाकाकू म्हणाल्या, तुम्हा सगळ्यांना हौस आहे."

कोकिळा हळूच खापराकडे सरकली.

"एक पुरती व्हती?" अक्काने विचारलं.

"हो."

"आनी वळ लाई सन बसनं? जन्मनी वळ?"

"ओळीने बसायचं? ते तुमच्या घरची रीत नाही का?" विधी गोंधळली.

अक्का वळली, ती सरळ भिकुबाईकडे. "तू म्हने का, मायनं बठ्ठं तुन्हामाच निंघी म्हनीसन?"

"मी?" भिकुबाई उडाली. "मी कशाला म्हणू? तूच म्हणालीस ना, भिकू आली तर कळेल ती आपली नाही म्हणून?"

"माय वं! मी असं म्हनसू? तुले कोनी सांगं?"

"कोकिळाने."

"मालेबी कोकिळानीच."

बेबीचा आ वासला. दोघी बोलत होत्या. मध्ये कुणी नव्हतं. बेबी ओरडणार, तेवढ्यात कोकिळाने खापराआडून तिला बोट ओठावर ठेवून दाखवलं. पण ते अक्काने बघितलं.

"ऐकं का भिके?"

"ऐकलं अक्का."

"काय करू हाई कोकिळानं?"

"तू थोरली. तू सांग."

मग अक्काने सांगितलं. आजचे सगळे मांडे कोकिळाने करायचे, एकटीने. वैशाखातलं ऊन, खाली जाळ, वर तापलेलं खापर, आणि कोकिळाला मांडा हातावर फिरवून मोठा करता येत नाही हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं. पहिला मांडा तिच्या कोपरापर्यंत गेला आणि फाटून जाळात पडला. दुसरा खापरावर गेला, पण अर्धाच. बहिणी झोक्यावर आळीपाळीने बसून सूचना करत होत्या.

"मनगट सैल सोड!"

"अशी नको, तशी!"

"सोड गं, तिच्यात ते नाहीच. विधीने सांगितलं ना!"

घाम पुसता पुसता कोकिळाला झोक्यावरून दोन आवाज येत होते, जोडीने. एक धुळ्याचा, एक दोंडाईच्याचा.

"खरं सांगू भिके? प्रेसवालानी चूक नव्हती ती. मी फोनवर नावं सांगी राह्यनी व्हती, आनी रडी राह्यनी व्हती. रडता रडता मोजनं राही गयं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू त्याले अशा झकास शिव्या दी राह्यनी व्हती, माले बरं वाटे."

झोका थांबला. कोकिळाने मांडा तसाच हातावर धरला. आता पुन्हा भडका उडणार असं तिला वाटलं. पण भिकुबाई हसायला लागली, आधी नाकातून, मग पोटातून. मग दोघींनी मिळून प्रेसवाल्याची माफी मागायची की नाही यावर वाद घातला, आणि नको असं ठरलं. त्याने कमळं फारच भडक छापली होती.

मांडे शेवटी कुणाला एक, कुणाला अर्धा असे मिळाले. सगळे वेडेवाकडे. आमरसात बुडाल्यावर आकार दिसत नाही, असं उखर्डू म्हणाला, तोच काय तो कोकिळाच्या बाजूने बोलला. पाहुणी म्हणून विधीला तेवढे तीन मिळाले. संध्याकाळी अक्काने जीप धुळ्याला रिकामीच परत पाठवली आणि भिकुबाईबरोबर दोंडाईच्याला गेली, दोन दिवस म्हणून, ती आठवडाभर राहिली. कोकिळाशी मात्र दोघी बोलेनात. फोन केला की दोघींपैकी एक उचलायची, "कोण कोकिळा? आमच्यात अशी कुणी नाही," म्हणायची, आणि मागून दुसरीचं हसू ऐकू यायचं.

महिन्याभराने एका दुपारी फोन वाजला. धुळ्याचा नंबर. कोकिळाने जपूनच उचलला.

"हां अक्का?"

"कशी शे?" अक्काचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. प्रेमराजची तब्येत विचारली, पाऊस विचारला, विधीचा अभ्यास कुठवर आला तेही विचारलं. कोकिळा वाट बघत राहिली.

"एक इचारनं व्हतं," अक्का शेवटी म्हणाली, आणि आवाज एकदम खाली गेला, जणू भिंतीपलीकडे कुणी असावं. "मन्ह्या दोन्ही सुना बोलतीस नई एकमेकींशी. फ्रिजमधला कप्पावरून. त्या पोरगीकडे सुनांसाठी काही तपासनी शे का?"

कोकिळाने दाराबाहेर पाहिलं. समोरच्या दुकानासमोर विधीची स्कूटर उभी नव्हती. विधी कधीच परत गेली होती, आणि सुनांसाठी असली कुठलीही तपासणी जगात नव्हती.

"आहे ना," कोकिळा म्हणाली. "पण अक्का, त्याला दोघींना एकाच ताटात जेवावं लागतं. आधी आठ दिवस."